मजकुराआधीच्या ओळी

दवनीवाडा

प्रिय वीरेंद्र,

परवा फोनवर आपण दोघंही ओरडलो. मग बोगद्याकडे जाणारी तुझी गाडी आली आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तुला मेसेज लिहायला घेतला की मी तो पुसायची. दोन ओळींत मावणारी ही गोष्ट नाही. तुमच्या साइटवर दिवसभर नेटवर्क नसतं, संध्याकाळी असतं तेव्हा खोलीत चार माणसं असतात, म्हणून मेल लिहिते आहे. एकटा असशील तेव्हा वाच. घाईत वाचू नकोस. तुझ्या आईबाबांसमोर मी तुला अहो-जाहो करते, इथे मात्र नेहमीसारखं तूच म्हणते, म्हणजे मला खरं लिहिता येईल.

इकडचं आधी सांगते. धान कापून झालं, मळणीही आटोपली. बाबांचं कंबरेचं दुखणं तसंच आहे, पण दुसऱ्या कोणाला मशीनजवळ उभं राहू देत नाहीत. दरवर्षी थोडी पोती तिलकच्या खोलीच्या कोपऱ्यात रचायचो, तो असतानासुद्धा. त्याला तो वास आवडायचा. या वर्षी आईने तिथे एक पोतं ठेवू दिलं नाही. बाबा म्हणाले, "खोली रिकामी ठेवून काय करतं?" आईने दार लावून घेतलं. आता पोती ओसरीत आहेत आणि उंदरांनी वैताग आणला आहे. मी कामठ्याला तुझ्या आईंकडे चार दिवस जाऊन आले. त्या चांगलं बोलल्या. जे बोलल्या ते पुढे लिहीन.

परवा तू म्हणालास, "तिलक तर कायम हसत असायचा." त्या वाक्यावर मी ओरडले, आणि तुला कळलंच नाही की मी काऊन ओरडले. तुझं चुकलं असं नाही. तू त्याला हसतानाच पाहिलंस. आपल्या लग्नाआधी आणि नंतर तू जितक्या वेळा दवनीवाड्याला आलास, त्यातल्या प्रत्येक खेपेला त्याने आधी स्वतःची तब्येत तपासली होती. चांगला दिवस असेल तर मला म्हणायचा, "जीजाले बोलाव, मटणाचं सांग आईले." वाईट दिवस असेल तर म्हणायचा, "आज येऊ नको म्हन. काहीतरी कारण सांग." मी कारणं सांगायची. कधी माझी मीटिंग, कधी बाबांचं काम. तू समजूतदारपणे दुसऱ्या दिवशी यायचास. म्हणून तुझ्याकडे फक्त हसरा तिलक आहे. मला तुला उरलेला तिलक द्यायचा आहे, आणि त्यासाठी तू मला लग्नानंतर जे विचारलं होतंस तिथूनच सुरुवात करावी लागेल. तू विचारलं होतंस, तुम्ही दोघं बहीणभाऊ त्या काळ्या पडद्यासमोर तासन्‌तास करता काय? मी म्हणाले होते, मेलचं काहीतरी. तू हसला होतास, मेलमध्ये एवढं काय असतं!

सिकलसेल काय असतो हे तुला आता डॉक्टरांनी सांगितलंच आहे, पण पुस्तकातलं आणि घरातलं वेगळं असतं. तिलक लहान असताना अंगणात खेळता खेळता अचानक बसायचा आणि गुडघा धरून रडायचा. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे हाड आतून ठणकतं. शाळेत त्याला नाटकी म्हणायचे. तरी तो बी.कॉम. झाला, गोंदियाला एका राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर हिशेब बघू लागला. मग एका सकाळी आईला म्हणाला, "डाव्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं लटकून राहिलं." डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. हासुद्धा त्याच आजाराचा एक रस्ता. नागपूरला लेझर झालं, ऑपरेशन झालं. डावा गेला, मग पुढच्या वर्षी उजवाही गेला. मी पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी काढून दवनीवाड्याला आले ती तेव्हाच.

नागपूरला अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी एक छोटी संस्था आहे. तिथे तो कॉम्प्युटर नव्याने शिकला, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून. आणि त्यांनीच त्याला काम दिलं. शाळेच्या पुस्तकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि चुका मेलने कळवायच्या. त्याचे खांदे आतून झिजले होते, मोबाइलवर बोट सरकवत राहिलं की हात सुजायचा. कीबोर्ड मांडीवर ठेवून एकेक बटण दाबणं सोपं जायचं. म्हणून मी त्याला जुन्या पद्धतीचा मेलचा प्रोग्राम लावून दिला, ज्यात चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एक बटण दाबलं की पुढचं पत्र, दुसरं दाबलं की उत्तर. जगभरातले दहाबारा लोक हौसेने तो प्रोग्राम सांभाळतात, कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतं.

पहिल्याच दिवशी त्याने मला हाक मारली. "दीदी, हे बाई कायले येवढं बोलून राहिली?" वाचणाऱ्या आवाजाला तो बाई म्हणायचा. प्रत्येक मेलच्या डोक्यावर काही ओळी असतात. कोणाकडून, कोणाला, कधी, विषय काय. त्यांच्याही वर आणखी ओळी असतात, पत्र कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून आलं, त्यांचे आकडे, सह्या, खुणा. याला हेडर म्हणतात. आपण त्या बघतही नाही, मेल दाखवणारं अ‍ॅप त्या लपवून ठेवतं. या प्रोग्रामची रीत जुनी होती, त्यात सगळ्याच ओळी यायच्या. एका ओळीचं पत्र होतं, 'सातवा धडा पुन्हा ऐकून बघ'. त्या एका ओळीपर्यंत पोचायला बाई आकडे, ठिपके, रेघा, कंस वाचत बसली होती. तिलक म्हणाला, "नवरदेव एक आणि वरात मैलभर."

मला वाटलं, सोपं काम आहे. ओळी लपवायच्या. प्रोग्रामचा कोड उघडून बसले. आम्ही तीन पर्याय ठरवले आणि त्यांना आमची नावं दिली: सगळं, थोडकं आणि काहीच नाही. 'थोडकं' या पर्यायात काय यावं यावर पहिलं भांडण झालं. मी म्हणाले कोणाकडून, तारीख आणि विषय, बस्स. तारीख बाई कशी वाचायची माहीत आहे? वार, स्वल्पविराम, आकडा, इंग्रजी महिना, वर्ष, तास, मिनिट, सेकंद, आणि शेवटी भारतीय वेळेची खूण, अधिक शून्य पाच तीन शून्य. तो म्हणाला, "मले सेकंद कशाले पाह्यजे? काल दुपारी आलं का आज सकाळी, येवढंच सांग." मी तसं केलं. मग म्हणाला, विषय आधी नको. "आधी कोन ते सांग. कोन बोलते हे कळल्याशिवाय काय बोलते ते आयकून काय करू?" मग नागपूरच्या संस्थेची पत्रं वेगळी हवीत म्हणाला. तिथे कोण ते महत्त्वाचं नाही, कुठला धडा ते आधी हवं. म्हणजे ओळींचा क्रम ज्याचा त्याला ठरवता आला पाहिजे, आणि पत्र कोणाचं आहे त्यावरून तो बदलला पाहिजे.

मी वैतागले. दिवसभर कंपनीचं काम करून मी हे करत होते. शिवाय त्या प्रोग्रामचा मुख्य सांभाळणारा, दूर कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा, मला लिहायचा की प्रत्येक नवा पर्याय म्हणजे कोणालातरी लक्षात ठेवावी लागणारी आणखी एक गोष्ट, पर्याय कमी करा. मला ते पटत होतं. मी तिलकला म्हणाले, सगळ्या ओळी येऊ दे, तुला नको त्या सोडून पुढे जा ना. त्याने मांडीवरचा कीबोर्ड बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुले एका नजरेत सगळं दिसते. जे पाह्यजे ते तुहा डोळा निवडून घेते, तुले पता बी नाही लागत. माह्या कानाले निवडता येत नाही, दीदी. त्याले रांगेनंच आयकावं लागते." वीरेंद्र, इतकी वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते, हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. मी तेच वाक्य इंग्रजीत करून त्या म्हाताऱ्याला पाठवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग एवढंच आलं, की क्रम बदलायचा पर्याय लिहून पाठवा, बघतो.

'काहीच नाही' या पर्यायाला मात्र मी शेवटपर्यंत निरर्थक समजत होते. तो म्हाताराही. कोणाचं पत्र आहे हे कळल्याशिवाय कोण वाचेल? तिलकने हट्टाने तो ठेवायला लावला. कशाला ते मला पुढच्या दुखण्यात कळलं. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मांडी, पाठ, छाती, सगळीकडे ठणका. अशा वेळी त्याला पंख्याचा आवाज सहन व्हायचा नाही, पांघरुणाचं टोक पायाला लागलं तरी ओरडायचा. आई दाराबाहेर बसून राहायची, आत यायची नाही, कारण ती आली की तो ओरडणं दाबायचा आणि ते तिला जास्त वाईट वाटायचं. त्यातच त्याने कानाला एक बारीक इअरफोन लावून एक बटण दाबलं. बाईने थेट मजकूर वाचला, त्याने त्यातलं एक वाक्य ऐकलं आणि तिला थांबवलं. थोड्या वेळाने आणखी एक वाक्य. तेवढंच त्याला झेपत होतं. नाव, तारीख, विषय ऐकण्यात ताकद घालवली असती तर मजकुरासाठी उरली नसती. कोणाचं पत्र आहे हे तो बोलण्याच्या ढंगावरून ओळखायचा. त्या दिवसानंतर मी त्या पर्यायाबद्दल कधी वाद घातला नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. आपलं लग्न ठरायच्या आधीचं आहे.

थोडक्याच्या पर्यायात आम्ही 'कोणाला' ही ओळ काढून टाकली होती. पत्र तुलाच आलं आहे, मग ते कशाला ऐकायचं, असा विचार. त्याबरोबर, ज्यांना प्रत पाठवली असते त्यांची ओळही गेली. संस्थेत सोनिका म्हणून एक मुलगी आहे, ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिलकचं तिच्याशी जमायचं. तो गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आला त्या आठवड्यात तिचा मेल आला, काम थांबलं आहे, तू बरा आहेस ना? तो मेल तिने सगळ्या टीमला पाठवला होता. त्यांची मेलची व्यवस्था मी लावून दिली होती, त्यामुळे त्या यादीत मीही होते. बाईने तिलकला फक्त 'सोनिका' एवढंच सांगितलं. संस्थेची पत्रं असली की सगळ्यांना उत्तर देण्याचं बटण दाबायची त्याला सवय होती. त्याने तेच दाबलं, आणि तिला एकटीला लिहितो आहे असं समजून लिहिलं.

मी माझ्या खोलीत काम करत होते, पलीकडच्या खोलीतून त्याच्या टायपिंगचा आवाज येत होता. तो थांबला आणि माझ्या पडद्यावर त्याचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं की या वेळी मी दवाखान्यात रडलो, आईसमोर नाही, रात्रपाळीच्या नर्ससमोर. लिहिलं होतं की दीदीला मागणी आली आहे, चांगला मुलगा आहे, पण ती माझ्यामुळे हो म्हणत नाही, आणि मी आहे तोवर म्हणणार नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, 'मला कोणी आधी विचारलं असतं की असं असं होणार आहे, येतोस का, तर मी नाही म्हटलं असतं.'

हे त्याच्या संस्थेतल्या सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांनी ऐकलं. दुपारपासून फोन सुरू झाले. एका बाईंनी कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला. एकाने हिंदीत सांगितलं, "टेंशन मत ले भाई, ऊपरवाला सब देख रहा है." सोनिका तर बिचारी रडतच होती. आधी त्याला कळेना की यांना कसं कळलं. मग त्याने 'सगळं' हा पर्याय लावला आणि सोनिकाचं ते पत्र पहिल्या ओळीपासून ऐकलं. बाई एकेक नाव वाचत गेली. माझं नाव शेवटून दुसरं होतं. मी दारात उभी होते. तो म्हणाला, "तुलेबी गेलं का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "आता सगळ्यायले माहीत झालं का मी रडतो." त्याने इअरफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग जेवताना, बाबांसमोरच, म्हणाला, "दीदी, ते ओळ लपवायची नाही. नावं नको वाचू, पन किती जन आयकून राहिले ते आधी सांगत जाय. मानसाले येवढं तर कळलं पाह्यजे." बाबांना काही समजलं नाही, ते भातावर वरण घेत राहिले. मी ते केलं. आता त्या प्रोग्राममध्ये थोडक्याचा पर्याय लावला की आधी पाठवणाऱ्याचं नाव येतं, आणि पत्र आणखी कोणाला गेलं असेल तर लगेच तेवढा आकडा येतो, आणखी नऊ जण, आणखी चार जण. नावं हवी असतील तर एक बटण दाबायचं. ही सुधारणा त्या म्हाताऱ्याने एका दिवसात घेतली, एकही प्रश्न न विचारता. कशी सुचली म्हणून त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्याच महिन्यात मी तुला हो म्हणाले. तुला वाटलं असेल की मी एवढे महिने विचार करत होते आणि शेवटी तू पटलास. पहिलं कारण तिलकचं ते पत्र होतं, हे तुला आज कळू दे. दुसरं कारण तू होतास. बघायला आलास तेव्हा बाकीचे चहापोहे खात असताना तू त्याच्याजवळ बसलास आणि त्याच्या कीबोर्डवर उगाच हात न फिरवता विचारलंस, हे कसं चालतं. त्या दिवशी मी माझं सिकलसेल तपासणीचं कार्ड तुझ्या घरच्यांपुढे ठेवलं. मला आजार नाही, पण तो माझ्या रक्तातून पुढे जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगितलं. तुझे बाबा म्हणाले, "आमच्या खानदानीत कोनालेच नाही ते." तू म्हणालास, मी तपासून घेईन. मग साइटवरून बोलावणं आलं, लग्नाची तारीख आली, आणि ते राहून गेलं. टोचायला लिहीत नाही. जसं झालं तसं लिहिते आहे.

लग्नानंतरची दोन वर्षं मी कामठा आणि दवनीवाडा अशा फेऱ्या मारत होते, तुला माहीतच आहे. त्यात तो चार वेळा दवाखान्यात गेला. तुला फोनवर 'जरा ताप आहे' एवढंच सांगितलं जायचं, त्याच्याच सांगण्यावरून. मधल्या चांगल्या दिवसांत आम्ही पर्याय लिहीत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं की तुमचं सगळं काम आता मुख्य प्रोग्राममध्ये घेतलं आहे, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. ते मी त्याला वाचून दाखवलं. तो अंगणात खाटेवर बसला होता, आई बाजूला मोहफुलं वाळवत होती. पुन्हा वाच म्हणाला. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "म्हंजे तिकडंबी कोनी आंधळा आयकन?" मी म्हणाले, हो, कुठेही. तो हसला. आणि आई ऐकेल न ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "दीदी, त्या पत्रात मी लिवलं होतं ना, मले इचारलं असतं तर नाही म्हनलो असतो. आज इचार." मी विचारलं. तो म्हणाला, "आज म्हनीन, बरं, येतो."

मी यातलं एकच वाक्य निवडून तुला सांगू शकले असते. जे मला सोयीचं ते. दोन्ही सांगते आहे, कारण दोन्ही त्याचीच आहेत.

श्रावणात धानाची रोवणी चालू असताना त्याला छातीत दुखू लागलं. तू आलास तोवर सगळं संपलं होतं, म्हणून त्या दिवसाचं तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. पाऊस नव्हता, उकाडा होता. गाडी गोंदियाला पोचेपर्यंत तो एकेक श्वास मोजून घेत होता. इतकी वर्षं रक्त चढवून चढवून त्याच्या शरीराने बहुतेक रक्तांशी वैर धरलं होतं. बाबा एका रक्तपेढीतून दुसरीकडे फिरत होते, बाटली मिळायची आणि तपासली की जुळायची नाही. शेवटी नागपूरहून एक निघाली म्हणाले. तिलकच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने हाताने खूण केली, वाच. मी मोबाइलवर त्याचे मेल उघडले आणि सरळ मजकूर वाचायला लागले. त्याने मास्क बाजूला केला आणि मला झापलं, "आधी कोन ते सांग ना." मी म्हणाले, सोनिका. तो म्हणाला, हं. मी वाचलं. दुसरं उघडलं, नाव सांगितलं, वाचलं. तिसऱ्याला नाव सांगितलं तेव्हा त्याने हं म्हटलं नाही. मला वाटलं झोपला. नर्सने मला हाताला धरून बाजूला केलं. नागपूरची बाटली आली तेव्हा बाबा ती छातीशी धरून जिन्यावरून वर येत होते आणि मी त्यांना वरच्या पायरीवरून बघत होते. त्यांना सांगायचं माझ्यावर होतं. आई खालीच बाकावर होती. तिने माझं तोंड बघितलं आणि तिला सांगावं लागलं नाही.

नवी आवृत्ती दिवाळीत आली. तिच्यातल्या सुधारणा करणाऱ्यांच्या यादीत मी माझ्या नावाआधी त्याचं नाव लिहिलं आहे. मी अजून ती आवृत्ती उघडलेली नाही.

आता जे परवा फोनवर नीट बोलता आलं नाही ते. नागपूरचा रिपोर्ट आपण दोघांनी ऐकला आहे. तुझ्या रक्तातही तेच निघालं, आणि माझ्या पोटात तिसरा महिना संपत आलेलं जे बाळ आहे, त्याला तिलकचाच आजार आहे. आपल्या दोघांसारखं नुसतं वाहक नाही, आजार. तुझ्या आई म्हणाल्या, "देव पाहून घेईन, आता चांगल्या गोळ्या निघाल्या." डॉक्टरही म्हणाले की आजची मुलं तिलकपेक्षा बरी जगतात, तिलकला त्या गोळ्या उशिरा मिळाल्या. हे खोटं नाही. तू म्हणालास, तिलक हसायचा तसं आपलंही हसेल. हेही होईल कदाचित. सगळं खरं धरून मी ठरवलं आहे, वीरेंद्र. मी हे बाळ ठेवणार नाही. सोमवारी नागपूरला वेळ घेतली आहे, आई सोबत येते आहे, तिने फक्त कोणती गाडी ते विचारलं. मी तुझी परवानगी मागत नाही. तू यावंस एवढं मागते आहे, आणि नाही आलास तरी मी जाईन. एकच गोष्ट तुझ्याकडून हवी. उद्या कामठ्याला किंवा इथे कोणी म्हणेल की भावाचं जगणं बघितलं म्हणून हिने असं केलं, त्याचं जगणं काही जगणं नव्हतं. ते तू चालू देऊ नकोस. त्याचं जगणं होतं, पुरतं होतं, आणि त्याबद्दल बोलायचा हक्क त्याचा होता. हा निर्णय त्याच्या जगण्यावरचा निकाल नाही. दाराबाहेर आई बसायची, तिथे मी बसू शकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे माझं आहे. ते त्याच्या माथी मारू देऊ नकोस.

तुझीच,
दुर्गेश्वरी